हॉलिससाठी थांबवलेलं पाणी

व्हेल्डा स्ट्राउडचा हात हातात घेतला की भर जुलैतही गार लागायचा. आमच्या धक्क्यामागे पत्र्याच्या छपराखाली मासे साफ करायचं टेबल आहे. त्याच्या नळाला नदीचंच पाणी येतं, आणि आमची नदी धरणाच्या तळातून निघते. वर तलावात पोरं पोहत असतात तेव्हा खाली आमच्याकडे पाण्यात पाय घातला तर घोटा बधिर होतो. ट्राउट मासे जगतात ते त्या गारव्यावरच. पाहुण्यांनी मासे पकडून आणायचे, व्हेल्डाने त्यांची पोटं फाडायची, कल्ले काढायचे, नळाखाली धुऊन बर्फाच्या पिशवीत घालून द्यायचे. वर्षानुवर्षं तिचं हेच चाललं होतं. बोलायची कमी. पाहुणे मासा कसा लागला ते रंगवून सांगत, ती मान हलवायची आणि पुढचा मासा उचलायची.

मी जिनेल. होडी वरच्या धक्क्यावरून सुटते आणि धारेबरोबर खाली जाते, परत वर येत नाही. मग पाहुण्यांच्या गाड्या कुणीतरी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवाव्या लागतात. ते काम माझं. त्यामुळे नदीवर कोण गेलं आणि कोण आलं, हे मला बसल्या जागी कळतं.

व्हेल्डाचा नवरा हॉलिस वाटाड्या होता. पाहुण्यांना होडीतून न्यायचं, मासा कुठे आहे ते दाखवायचं, लागला तर जाळीत घ्यायचा. लग्नाआधी व्हेल्डासुद्धा तिच्या बापाबरोबर होड्या न्यायची. जुनी माणसं अजून सांगतात, त्या पोरीसारखी वल्ही कुणाची चालली नाहीत. पुढे हॉलिस नदीवर गेला आणि ती टेबलापाशी आली. हे कुणी ठरवलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ठरवलं कुठे कुणी? झालं." मूलबाळ झालं नाही. त्याबद्दलही ती एवढंच म्हणायची, झालं नाही.

हॉलिस मात्र झोपेतही बोलत असेल असा माणूस. त्याचं खरं प्रेम चढत्या पाण्यावर. धरणाची पाणी सोडून वीज करणारी एक-दोन यंत्रं चालू असली की नदी शहाण्यासारखी वाहते, माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून गळ टाकतात. आठही यंत्रं चालू झाली की नदी काठावरच्या झाडांत शिरते, आणि बाकीचे वाटाडे पाहुण्यांना फोन करून सांगतात, पुढच्या महिन्यात या. हॉलिस तेव्हा होडी काढायचा.

"पाणी चढलं की माणसं घाबरतात, मासा नाही घाबरत," तो म्हणायचा. "मासा काय मूर्ख आहे मधल्या धारेत उभा राहायला? तो येतो काठाला, गवतात. तू परवा जिथे चादर टाकून सँडविच खाल्लंस ना जिनेल, तिथे आत्ता माझ्या हाताएवढा तपकिरी ट्राउट तुझ्या सांडलेल्या पावाची वाट बघतोय."

"कालच्या गोष्टीत तो पायाएवढा होता," व्हेल्डा टेबलावरून म्हणायची.

"रात्रीत आखडला. पाणी गार आहे."

त्या वर्षी वसंतात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. ओझार्कच्या सगळ्या डोंगरांचं पाणी तलावात आलं. वरच्या तंबूंच्या मैदानातली बाकडी बुडाली, मग बाकड्यांवर सावली धरणारी झाडं अर्धी बुडाली. धरणवाल्यांनी आठही यंत्रं चालवली, वरून दरवाजेही उघडले. आमच्या खालच्या गाडीतळावर पाणी आलं ते आलंच. दिवस गेले, आठवडे गेले, नदी उतरेना. काठावरची कुंपणं पाण्याखाली, सिकामोरच्या फांद्यांना गवताच्या दाढ्या लटकलेल्या, आणि दिवसरात्र एक घुमणारा आवाज. पुढे पुढे तो आवाज ऐकू येईनासा झाला, इतका तो कानात बसला.

मे सरता सरता मेम्फिसहून एलरी नावाचे एक निवृत्त गृहस्थ आले. हॉलिसबरोबर दरवर्षी यायचे, आणि जुन्या दक्षिणी रीतीने लग्न झालेल्या व्हेल्डालाही मिस व्हेल्डा म्हणायचे. दोघं सकाळी निघाले. हॉलिस जाताना बिस्किटाचा तुकडा तोंडात कोंबून काहीतरी बोलला. तोंड भरलेलं, त्यामुळे काय बोलला ते व्हेल्डाला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

चढत्या पाण्यात होडीवाल्यांचा एकच नियम असतो, नांगर टाकायचा नाही. नांगर तळाच्या दगडात अडकतो, दोर ताणतो, होडी जागच्या जागी थांबते. पण पाणी थांबत नाही, ते होडीच्या मागच्या कडेवर चढतं. सपाट बुडाची होडी मग डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली ओढली जाते. हॉलिसने हे एलरींना दरवर्षी सांगितलं असणार. त्या दिवशी एका बुडालेल्या कुरणाच्या कडेला एलरींना एकामागून एक दोन मोठे मासे लागले. हॉलिस वाकून इंजिनाच्या पात्यात अडकलेलं गवत काढत होता, होडी वाहत त्या जागेपासून दूर चालली होती. एलरींनी आकड्यातून नांगराचा दोर सोडला. बास, जरा थांबावं म्हणून.

हॉलिसने वळून चाकू काढला होता म्हणे, दोर कापायला, पण तोवर होडी खाली गेली. बुडू नये म्हणून घालायचं फुगणारं जाकीट त्याने गवत काढताना अडचण होते म्हणून काढून बाकावर ठेवलं होतं. एलरी एका सिकामोरच्या फांदीला लटकले. दुसऱ्या एका होडीने त्यांना काढलं. हॉलिस दिसला नाही.

मी खालच्या धक्क्यावरून परत आले तेव्हा एलरी आमच्या धक्क्यावर बाकावर बसले होते, अंगावर दोन कांबळी, तरी दात वाजत होते. शेरीफची माणसं वायरलेसवर बोलत होती. व्हेल्डा कॉफी घेऊन आली.

"नांगर मी टाकला," एलरी म्हणाले. "मिस व्हेल्डा, तो म्हणत होता हात लावू नका, आणि मी टाकला."

व्हेल्डाने कप त्यांच्या हातात दिला. "दूध घालू का?" तिने विचारलं.

ते तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "थोडं."

तिने दूध घातलं आणि टेबलाकडे गेली. सकाळी दुसऱ्या एका होडीने आणलेले मासे तसेच पडले होते. ते तिने साफ केले.

त्यानंतर शोध सुरू झाला, पण त्या पाण्यात शोधणार काय? तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या होड्या आल्या, फिरल्या, धारेने त्यांनाच खाली ढकललं. पाणबुड्या माणसांना उतरायची परवानगी मिळाली नाही. चर्चच्या बायका भांडी घेऊन आल्या. बटाटे, चीज, हिरवे बीन्स, कॉर्नब्रेड, एकीने तर आख्खं हॅम आणलं. व्हेल्डाने सगळ्यांची भांडी धुऊन, पुसून, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवून परत केली. ब्रदर लोनी, आमचे पाद्री, तिच्याजवळ बसून हळू आवाजात प्रार्थना म्हणाले. ती आमेन म्हणाली आणि विचारलं, "ब्रदर लोनी, तुमच्या गुडघ्याचं काय झालं?"

लोक कुजबुजायला लागले. रडली नाही. ओरडली नाही. धक्का एक दिवसही बंद ठेवला नाही. हार्डवेअरच्या दुकानात तर एक बाई मला म्हणाली, "त्यांचं पटत नव्हतं की काय?"

मी म्हटलं, "तुझं तुझ्या नवऱ्याशी पटतं तेवढं पटत होतं. म्हणजे पटत होतंच म्हण."

खरं सांगायचं तर मलाही समजत नव्हतं. एका सकाळी टेबलापाशी मी तिला सरळ विचारलं, "व्हेल्डा, तुला काही होतंय का गं?"

तिने हात नळाखाली धरले होते. म्हणाली, "या पाण्यात हात घातला की आधी ठणकतो. मग ठणकत नाही. आपला हात आहे हे बघून कळतं, नाहीतर नाही. तसं आहे." मग तिने नळ बंद केला. "जेवण जातं. झोपही लागते. मला वाटलं होतं, लागणार नाही."

धरणाच्या कचेरीत गेला तो गार्विन, हॉलिसचा धाकटा भाऊ. तोही वाटाड्या, उंच, तापट, पण आतून मेणासारखा. शोधापुरतं तरी पाणी बंद करा म्हणून तिथे त्याने टेबलावर मूठ आपटली म्हणतात. समोरचा माणूस चिडला नाही. तलाव काठोकाठ आहे, तो म्हणाला, पाणी अडवलं तर वर चढेल. तरी त्याने वरच्यांना फोन केले, आणि दोन दिवसांनी निरोप आला की एका दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी बंद ठेवू. त्याहून जास्त नाही. एका माणसासाठी आख्खी नदी थांबवणार होते. गार्विन हे सांगायला आला तेव्हा रडत होता. व्हेल्डा म्हणाली, "म्हणजे सकाळी लवकर उठायला हवं. सगळ्यांना कॉफी लागेल."

त्या सकाळी मी नदीवर गेले तर कान गच्च भरल्यासारखे झाले. घुमणारा आवाज नव्हता. इतक्या आठवड्यांनी नदी पुन्हा तिच्या जागेवर गेली होती, आणि मागे जे ठेवून गेली होती ते बघवत नव्हतं. चिखलाने सगळं करडं झालेलं. झाडावर अडकलेली खुर्ची, कुणाच्या तरी पोरांचा प्लॅस्टिकचा पोहायचा हौद, मेलेलं वासरू. गोट्यांवर शेवाळ, आणि त्या सगळ्याला एक शिळा वास. गावातली माणसं हातात काठ्या घेऊन रांगेने उभी राहिली. शेरीफने कुठून कुठपर्यंत जायचं ते सांगितलं, आणि माणसं चालायला लागली, काठ्या खुपसत, उपटलेल्या झाडांच्या मुळांत डोकावत.

आणि तेव्हाच दुसऱ्या गाड्या यायला लागल्या.

धरणाचा एक फोन नंबर आहे. किती यंत्रं चालू आहेत ते तो सांगतो. मिसुरीपासून ओक्लाहोमापर्यंतचे गळवाले रोज सकाळी तो लावतात. त्या पहाटे त्यांना ऐकू आलं, शून्य. का शून्य, ते तो नंबर सांगत नाही. ते उड्या मारत आले. रबरी विजारी चढवून पाण्यात शिरले, एकमेकांना हाका मारत, हसत. एकीकडे आमची रांग काठ्या खुपसत चाललेली, दुसरीकडे हे गळ भिरकावत.

गार्विन लाल झाला. "एकेकाला धरून बुडवतो," तो म्हणाला.

"त्यांना काय माहीत," व्हेल्डा म्हणाली. तिने एक काठी घेतली आणि रांग सोडून वरच्या अंगाला चालायला लागली. मी तिच्यामागे गेले.

बुडालेल्या कुरणाच्या थोडं वर, नदीच्या मधोमध गोट्यांचं एक लांबट बेट उघडं पडलं होतं. तिथे एक माणूस एकटाच गळ टाकत होता. पस्तिशीचा असेल, मान उन्हाने भाजलेली. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून त्या बेटावर पोचलो तसा तो आनंदाने ओरडला, "मॅडम, हे पाणी असं कधीपर्यंत राहणार?"

"दुपारपर्यंत," व्हेल्डा म्हणाली. "पाणी सोडायचा भोंगा वाजला की निघायचं. लगेच. एक टाकून बघतो म्हणायचं नाही."

"काय नशीब आहे बघा! दोन महिने त्या नंबरावर रोज तेच तेच. आज लावला तर शून्य! मी जॉप्लिनला घरांची छपरं घालतो. मालकाला सांगितलं, पोट बिघडलंय."

"काही मिळालं?"

मी व्हेल्डाकडे बघितलं. ती अगदी नेहमीसारखी विचारत होती, धक्क्यावर विचारायची तशी.

"एक शेपूटही नाही. ही मधली धार किती छान दिसते, पण रिकामी."

"मधे नाहीत ते. इतके दिवस गवतात राहिलेत. पाणी उतरलं म्हणून लगेच घर बदलत नाहीत. त्या कुंपणाच्या खांबापाशी खोलगट आहे, तिकडे टाक. दोरीच्या वजनाचं शिसं जरा काढ, आता एवढं लागत नाही."

त्याने शिसं काढलं, दोरी भिरकावली. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा गळाची काठी वाकली ती वाकलीच. मासा खांबाभोवती फिरला, खाली गेला, वर आला, पाठीवरचे ठिपके उन्हात दिसले. तो माणूस लहान पोरासारखा किंचाळत होता. व्हेल्डाने त्याच्या पाठीची जाळी काढून घेतली, दोन पावलं पाण्यात गेली आणि मासा आत घेतला. हाताएवढा होता. हॉलिसच्या हाताएवढा.

"मॅडम, तुम्ही देवदूत आहात! माझं नाव कॉबल. एक फोटो काढाल?"

तिने काठी माझ्याकडे दिली आणि त्याचा कॅमेरा घेतला. "जरा उजवीकडे वळ. तोंडावर सावली येतेय," ती म्हणाली. फोटो काढला.

"तुम्ही त्या काठ्या घेऊन काय करताय पण?" कॉबल म्हणाला. "काही हरवलंय का?"

"माझा नवरा."

तो खो खो हसला. "माझी बायको पण अस्संच म्हणते! नदीवर गेला की नवरा हरवला म्हणून समजायचं!"

"हो," व्हेल्डा म्हणाली, आणि आम्ही पुढे निघालो.

जरा लांब गेल्यावर मी म्हटलं, "सांगितलं का नाहीस त्याला?"

"सांगून काय? त्याला मासा लागला होता."

आम्ही बघत गेलो. एका मुळाखाली निळं काहीतरी दिसलं, तशी मी धावले. ती कुणाची तरी ताडपत्री निघाली. व्हेल्डाने ती नीट घडी घालून काठावर ठेवली, वाहून जाऊ नये म्हणून.

हॉलिस सापडला नाही. भोंगा वाजला. खालून शेरीफच्या माणसांच्या शिट्ट्या ऐकू आल्या, सगळी माणसं काठावर चढायला लागली. धरणाजवळ भोंगा वाजला तरी आमच्या इथे पाणी यायला थोडा वेळ लागतो. आधी फेस येतो, काटक्या येतात, मग गोटे कडेने ओले व्हायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं अजून पुष्कळ वेळ आहे, आणि मग वेळ नसतो.

आम्ही गार्विनच्या होडीपाशी पोचलो तेव्हा व्हेल्डाने वळून पाहिलं. कॉबल अजून बेटावर होता. त्याची पाठ आमच्याकडे, कमरेत वाकून दुसरा मासा ओढत होता. बेट आणि काठ यांच्यामधलं पाणी, जे आम्ही घोटाभर पार केलं होतं, ते आता तपकिरी होऊन पळत होतं.

"गाढव," मी म्हटलं.

व्हेल्डाने गार्विनच्या होडीतला नांगर दोरासकट सोडवला आणि काठावर टाकून दिला. गोट्यांवर तो खणकन वाजला. मग तिने मला पुढे बसायची खूण केली, होडी लोटली आणि इंजिन चालू केलं. गार्विन खालून धावत येत होता, "व्हेल्डा! थांब, मी जातो!" तोवर आम्ही धारेत होतो.

मी तिला कधी होडी चालवताना पाहिलं नव्हतं. ती सरळ बेटाकडे गेली नाही. आधी खाली गेली, मग खालून धारेला तोंड देऊन हळूहळू वर सरकली, इंजिन एवढंच की होडी पुढेही जाईना, मागेही येईना. बेट तोपर्यंत एका मोठ्या चटईएवढं राहिलं होतं. कॉबलला आता कळलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा.

"उडी मारू नकोस," व्हेल्डा म्हणाली, आवाज न चढवता. "बस. आधी कडेवर, मग पाय आत घे. जिनेल, त्याचा पट्टा धर."

मी पट्टा धरला. तो बसला, घसरत आत आला. त्याची मासे ओवून ठेवायची दोरीही त्याच्यामागे लोंबकळत आली, तिच्यावर तो मोठा मासा. होडी एकदा तिरकी झाली, गुडघ्यावर गार पाणी आलं. व्हेल्डाने हँडल किंचित फिरवलं आणि होडी पुन्हा सपाट झाली. मागे वळून बघितलं तेव्हा बेट नव्हतं.

काठावर कॉबलने शेरीफची गाडी पाहिली, काठ्या पाहिल्या, चिखलाने माखलेली माणसं पाहिली, ब्रदर लोनीच्या हातातलं बायबल पाहिलं. मग त्याने व्हेल्डाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"मॅडम," तो म्हणाला. "ते तुम्ही... खरंच?"

गार्विनने त्याची कॉलर धरली. "तुला आणायला तिला जावं लागलं! तिला!"

"सोड त्याला, गार्विन," व्हेल्डा म्हणाली.

"मला माहीत नव्हतं," कॉबल म्हणत होता. "देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं," व्हेल्डा म्हणाली. "तो मासा दे इकडे. उन्हात खराब होईल."

तिने मासा धक्क्यामागच्या टेबलावर नेला. आम्ही सगळे उभे राहिलो, काय करावं कुणाला कळेना. तिने पोट फाडलं, कल्ले काढले, नळाखाली धुतला, बर्फाच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधून कॉबलच्या हातात दिली. "बायकोला सांग, लोण्यात परतायचा. जास्त वेळ नाही," ती म्हणाली. कॉबल पिशवी छातीशी धरून गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी चालू झाली नाही. मग गेली.

तोपर्यंत नदी पुन्हा झाडांत शिरली होती आणि तो आवाज परत आला होता.

ऑगस्टमध्ये तलाव उतरला तेव्हा हॉलिस गार्विनलाच सापडला, खाली एका बाजूच्या ओढ्यात, पडलेल्या सिकामोरखाली. अंत्यविधीला लोक चर्चच्या बाहेरपर्यंत उभे होते. एलरी मेम्फिसहून आले होते, शेवटच्या रांगेत बसले आणि कुणाशी न बोलता गेले. व्हेल्डाने काळा झगा घातला होता, सगळ्यांशी हात मिळवला, आलेल्या प्रत्येकाची नावानिशी चौकशी केली. रडली नाही. यावेळी कुणी कुजबुजलं नाही. सवय झाली होती.

पुढच्या वसंतात पाणी पुन्हा चढलं. मागच्यासारखं नाही, पण आठही यंत्रं चालू झाली. वाटाड्यांनी पाहुण्यांना फोन करून नंतर यायला सांगितलं. व्हेल्डाने हॉलिसची जुनी होडी पालथी घातलेली होती ती सरळ केली.

"आता तू जाणार?" गार्विन म्हणाला. "या पाण्यात? मग मी कशाला आहे?"

"तू मासे साफ कर," ती म्हणाली. "एक टेबल रिकामं झालंय."

गार्विन महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. पण टेबलापाशी उभा राहिला. आधी कल्ले काढायला विसरायचा, मग शिकला.

तिचे पाहुणे हॉलिसच्या पाहुण्यांसारखे नव्हते. गोष्टी ऐकायला येणारे गेले. राहिले ते न बोलणारे, आणि बऱ्याचशा बायका. तिच्या होडीत नांगर नसतो. नवे पाहुणे विचारतात, मासे लागले तर थांबायचं कसं? "थांबायचं नाही," ती म्हणते. "एकदाच जायचं त्या जागेवरून. नीट टाकायचं." कुणी जाकीट काढलं की ती काठाला येते आणि त्या पाहुण्याला उतरवते. एका मोठ्या वकिलाला असं कुरणाच्या चिखलात उतरवून आली होती. त्याला आणायला मला ट्रक घेऊन जावं लागलं.

हे करताना तिला बरं वाटायचं का, हे मी सांगू शकत नाही. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, कॉफी प्यायची. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "वाटायला हवी, नाही का? वाटली तर सांगेन."

ही गोष्ट दुसऱ्या हिवाळ्यातली, तिनेच सांगितलेली. जानेवारीत कडाका पडला की वरच्या तलावातले शॅड नावाचे चंदेरी लहान मासे थंडीने मरतात आणि यंत्रांतून तुकडे होऊन खाली येतात. नदी पांढऱ्या तुकड्यांनी भरते. समुद्रपक्षी कुठून येतात देव जाणे, शेकड्यांनी ओरडत फिरतात, आणि मोठे तपकिरी ट्राउट तोंड उघडून वर येतात, जेवायला बसलेल्या पाहुण्यांसारखे. व्हेल्डाच्या होडीत त्या दिवशी विचिटाची एक निवृत्त नर्स होती, मिसेस बोमगार्डनर नावाची. ठेंगणी, जाड चष्म्याची, शिव्या देण्यात पटाईत. तिच्या गळाला असा मासा लागला, जसा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. होडीच्या बाजूला आला, जाळीच्या तोंडाशी आला आणि दोरी तुटली.

मिसेस बोमगार्डनरने एक अशी शिवी दिली की पक्षीसुद्धा गप्प झाले असतील. मग ती वळून बघते तर व्हेल्डा मागच्या बाकावर बसलेली, एका हातात इंजिनाचं हँडल, दुसऱ्या हातात रिकामी जाळी, आणि रडतेय. आवाज करून रडतेय, नाक वाहतंय, खांदे हलतायत. होडी धारेबरोबर चालली आहे.

"अहो, मिस व्हेल्डा," नर्स घाबरून म्हणाली. "अहो, मासाच तर होता. माझाच हात ढिला पडला, तुमची काही चूक नाही. दुसरा मिळेल की!"

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, हो."

तिने बाहीने तोंड पुसलं, गळाला पिसांची नवी नकली माशी बांधून दिली, दोरी जाड घेतली. धक्का यायच्या आत मिसेस बोमगार्डनरला अजून एक मासा मिळाला. तो लहान होता. तिने तो सोडून दिला.